माझे चार अंश

६ ऑगस्ट २००७, सोमवार

दुपारची पाळी गेली. दुपारी दोन ते आठ प्रयोगशाळेच्या तळघरातला मॅग्नेट अलकनंदाचा, हे इथं तीन वर्षं सगळ्यांना पाठ होतं. आज दारावरच्या फळ्यावर नारायणस्वामी सरांनी स्वतःच्या हातानं 'संयुक्ता' लिहिलंय आणि मला सकाळ दिलीय. सकाळी नायट्रोजन भरणारे येतात, दार सतरांदा उघडतं, कुणीतरी स्टूल ओढतं. सकाळी काय डोंबल काम होणार! सरांना तसं म्हटलं, तर म्हणाले, "तू सीनियर आहेस, तू कधीही करू शकतेस. तिला अजून शिकायचंय." म्हणजे मला काम येतं याची ही शिक्षा.

म्हणून ही डायरी. कुणाशी तरी बोलायला हवं, नाहीतर डोकं फुटेल. वसतिगृहात माझ्या मजल्यावर मराठी बोलणारं कुणी नाही. अख्ख्या संस्थेत मराठी बोलणारी एकच, ती ही संयुक्ता. आता तिच्याबद्दल तिच्याशीच बोलू की काय?

हिच्या घरचे मूळचे तंजावरचे, आता इथंच शहरात, सैदापेटला राहतात. पिढ्यान्‌पिढ्या इथले असून घरात अजून मराठीच बोलतात. पण ती मराठी! 'मजला', 'तुम्हास', 'कशास', आणि त्यावर तमिळ हेल. आमच्या साताऱ्यात कुणी असं बोललं तर पोरं मागं लागतील. सरांना मात्र त्याचं केवढं कौतुक. आणि सरांशी ती तमिळमध्ये बोलते, तेव्हा दोघं हसतात. मी चार वर्षांत सरांना एकदाही हसवलेलं नाही.

पहिल्या दिवशी ही बाई केसांत भला मोठा मोगरा आणि तो खोचायला चार लोखंडी पिना घालून मॅग्नेटच्या खोलीत शिरत होती. मीच ओरडून थांबवलं. मीच तिला सॅम्पल भरायला शिकवलं. इथला नियमही मीच सांगितला: दुसऱ्याच्या सॅम्पलमध्ये काही खटकलं तर आधी त्याला जाऊन विचारायचं, सरांकडे धावायचं नाही. ज्याचं सॅम्पल, त्याचीच चूक आणि त्यानंच ती सांगायची. "सरी, अक्का," म्हणाली होती, मान डोलावून; 'सरी' म्हणजे बरं. अक्का म्हणते मला. एवढी काही मोठी नाही मी.

१४ ऑगस्ट, मंगळवार

आईचा फोन. मी नक्की काय करते ते तिला पुन्हा समजावलं, कारण तिला ते शेजारच्या काकूंना सांगायचं असतं. म्हटलं, पेशीभोवती तेलकट दुपदरी पापुद्रा असतो, लिपिडचा. गार केला की तूप थिजतं तसा थिजतो, तापवला की सैल होतो. माझं जे साधं लिपिड आहे ते तेवीस अंशाला सैल होतं. पुस्तकात तसं आहे आणि माझ्या सॅम्पलमध्येही तसंच येतं. आता त्यात बेडकाच्या कातडीतलं, जंतू मारणारं एक पेप्टाइड मिसळलं की ते एकोणीसलाच सैल होतं. चार अंश आधी. म्हणजे ते पेप्टाइड जंतूंचा पापुद्रा ढिला करतं. हा माझा शोध.

"आणि तुला ते दिसतं कसं?"

"मॅग्नेटमध्ये सॅम्पल ठेवायचं, त्यावर रेडिओ लहरी सोडायच्या. लिपिडच्या शेपटीतला कार्बन स्क्रीनवर एक टोक उमटवतो. थिजलेलं असेल तर टोक डावीकडे, सैल झालं की उजवीकडे सरकतं."

"चारच अंश?" आई म्हणाली.

चारच! या चार अंशांवर माझा प्रबंध उभा आहे. मार्चमध्ये फेलोशिप संपते. त्याआधी हे चार अंश पेपरात छापून आले की मी डॉक्टर, नाहीतर चार वर्षं पाण्यात. आईला म्हटलं, काकूंना नुसतं 'बेडूक' सांग, पुरे.

संध्याकाळी संयुक्ता माझ्या टेबलापाशी येऊन उभी. "अक्का, एक विचारू? साध्या लिपिडच्या सॅम्पलात तुम्ही मीठ घातलं नाही. पेप्टाइडच्यात मात्र घातलं. कशास?"

म्हटलं, "पेप्टाइड नुसत्या पाण्यात गुठळ्या धरतं, म्हणून त्याला बफरचं खारट पाणी लागतं. साध्या लिपिडला अळणी चालतं. झालं?"

"सरी, अक्का." पण हलेना. पेनाचं टोपण उघडतेय, लावतेय. शेवटी गेली. स्वयंपाकघरातल्यासारख्या चौकशा! आमटीत मीठ का घातलं म्हणून मला विचारणारी ही कोण? चार महिने झाले नाहीत येऊन.

५ सप्टेंबर, बुधवार

आज सरांनी सगळ्यांसमोर तिचा स्पेक्ट्रम, टोकांचा आलेख, वर धरला. "असं दिसायला हवं," म्हणाले. टोकं खरंच सुंदर होती, बारीक आणि सरळ. दुपारी केल्यावर कुणाचीही येतील.

मला दुपारभर भूक नव्हती. कॅन्टीनमध्ये तिनं स्वतःच्या डब्यातला दहीभात माझ्यापुढं सरकवला. नको म्हटलं. मग तिनं झाकण लावून ठेवलाच. ती वर गेल्यावर खाल्ला. चांगला होता, हाही एक वैताग.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

अगं बाई, अगं बाई! आज मी खूश आहे.

संयुक्तानं माझंच पेप्टाइड घालून सॅम्पल केलं. कुणी सांगितलं होतं? तर म्हणे, "हात बसावा म्हणून केलं, अक्का." आणि तिनं मीठ घातलंच नाही. पेप्टाइड आणि लिपिड आधी अल्कोहोलमध्ये एकत्र विरघळवलं, वाळवलं, मग नुसतं पाणी. आणि आलं काय? तेवीस! पेप्टाइड घालूनही तेवीसच. चार अंश गायब.

मी हसू दाबत म्हटलं, "गुठळ्या झाल्या असणार. पेप्टाइड पापुद्र्यात शिरलंच नाही."

"गुठळ्या दिसल्या नाहीत, अक्का. मजला वाटतं..."

"काय वाटतं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काही नाही. तुम्ही एकदा मीठ घालून..."

"संयुक्ता, मला माझं सॅम्पल करता येतं गं."

 सुंदर टोकं काढता येणं वेगळं आणि सॅम्पल जमणं वेगळं. हातात असावं लागतं ते. आज रात्री मी कॉफी घेतली नाही, तरी झोप येईलसं वाटत नाही. आनंदानं.

२४ सप्टेंबर, सोमवार

सरांनी विचारलं म्हणून सांगितलं. मी आपणहून गेले नव्हते. म्हणजे गेले होते, पण फेलोशिपच्या अर्जाबद्दल विचारायला. सर म्हणाले, "संयुक्ता कशी आहे? बंगळुरूच्या परिषदेला पोस्टर घेऊन तिला पाठवू म्हणतो."

बंगळुरू! मी दुसऱ्या वर्षाला गेले तरी मला कुणी बंगळुरूला पाठवलं नव्हतं.

म्हटलं, "हुशार आहे सर. पण सॅम्पलचा हात अजून कच्चा आहे. माझं पेप्टाइड घेऊन केलं तर परिणामच दिसला नाही. मिसळणं नीट नव्हतं."

सर "हं" म्हणाले. मग तिला बोलावलं. दार उघडं होतं, मी फाइली लावत बाहेरच होते. तमिळमध्ये बोलले, मला कळलं ते एवढंच की सरांचा आवाज चढला नाही, आणि ती एकदाही उलट बोलली नाही. बाहेर आली तेव्हा नाकाचा शेंडा लाल झालेला. माझ्याकडे पाहून म्हणाली, "अक्का, बंगळुरू पुढच्या वर्षी."

मी "होईल गं" म्हटलं. मी जे सांगितलं ते खरं होतं. तिच्या सॅम्पलमध्ये परिणाम दिसला नाही, हे खरंच आहे की नाही?

१७ ऑक्टोबर, बुधवार

संयुक्तानं कोलूला बोलावलं. नवरात्रात इथं घरोघर पायऱ्या करून बाहुल्या मांडतात. जायचं नव्हतं, पण सणाला एकटीनं वसतिगृहाचं सांबार खायचं जिवावर आलं.

सैदापेटला गल्लीत घर, दारात भलं मोठं कोलम, पिठाच्या रांगोळीचं. बाहुल्यांमध्ये एक पगडीवाला मराठी शिपाई होता, रंग उडालेला. संयुक्ताच्या आईनं, वसंतामावशींनी, मला हात धरून आत नेलं. हळदकुंकू, हरभऱ्याच्या उसळीचं सुंडल, वर फणसाची भाजी. मावशींची मराठी तर संयुक्ताहून जुनी. आणि मायेची, खोटं कशाला बोलू.

"तुम्हीच की अलका अक्का! आमची लेक घरी दुसरं नावच घेत नाही. अक्का असं करतात, अक्का तसं भरतात, अक्कांनी मजला पहिल्या दिवशी असं सांगितलं. ऐकून ऐकून कान किटले."

संयुक्ता "आम्मा, पोदुम," म्हणून आईला गप्प करत होती आणि लाल झाली होती.

परत येताना बसमध्ये विचार करत बसले. म्हणजे घरी बसून माझ्या चुगल्या! कशी करते, कशी भरते, सगळा हिशेब आईकडे. आणि मावशी किती साध्या, त्यांना ते कौतुक वाटतंय. मला घरून सुंडलचा डबा बांधून दिलाय, तो उद्या धुऊन परत द्यायला हवा. माझ्या आईला मी कुणाबद्दल असं एवढं सांगते? फक्त हिच्याबद्दल. आई परवा म्हणालीच, "कोण गं ही, सारखं हिचंच नाव?"

२ नोव्हेंबर, शुक्रवार

ठरलं. सोळा तारखेला माझं सेमिनार. बाहेरचे दोन प्राध्यापक येणार, त्यातले एक माझा प्रबंध तपासणार. सर म्हणाले, "चार अंश नीट मांड. मग पेपर पाठवून देऊ." पहिलं नाव माझं. मी जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरले.

आणि तळघरात ही उभी. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून म्हणाली, "अक्का, रागावू नका. सेमिनारच्या आधी एक सॅम्पल कराल? पेप्टाइड नको. नुसतं लिपिड आणि तुमचं खारट बफर. तुम्हास वेळ नसला तर मी करून देते. दुपारची पाळी तुम्ही घ्या."

माझं डोकंच फिरलं. "दुपारची पाळी तू मला देणार? माझीच पाळी? दान करतेस?"

"तसं नव्हे, अक्का..."

"मीठ, मीठ, मीठ! ऑगस्टपासून तेच. मिठानं पापुद्रा चार अंश खाली येत नाही, कुठल्याही पुस्तकात बघ. तुला काय, माझं काम मोडायचंय?"

डोळ्यांत पाणी आलं तिच्या. पण मागं सरली नाही. "करा, अक्का. एकदाच."

करते. करूनच दाखवते. खारट सॅम्पल तेवीस देणार, मग तो स्पेक्ट्रम सेमिनारमध्ये सगळ्यांसमोर लावीन आणि म्हणेन, काहींना शंका होती म्हणून हेही तपासलं. आणि बघीन हिच्याकडे.

६ नोव्हेंबर, मंगळवार

एकोणीस.

७ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा केलं. नवं लिपिड, नवं बफर, रोटर, म्हणजे सॅम्पल भरून फिरवायची टोपीची नळी, स्वतः घासून धुतला. पेप्टाइडची बाटली तर खोलीतसुद्धा आणली नाही. एकोणीस.

मग तेच लिपिड नुसत्या पाण्यात. तेवीस. शेवटी पेप्टाइड आणलं, तिच्या पद्धतीनं, बिनमिठाचं. तेवीस.

आता कळतंय आणि कळून काय उपयोग! टोक स्वच्छ दिसावं म्हणून आम्ही सॅम्पलवर जोरात रेडिओ लहरी सोडतो. त्या लहरींनी खारट पाणी साध्या पाण्यापेक्षा जास्त तापतं. यंत्र बाहेरच्या हवेचं तापमान दाखवत होतं, एकोणीस. आत रोटरमध्ये तेवीस झालेले होते. बेडकानं काही केलं नाही. पेप्टाइडनं काही केलं नाही. माझे चार अंश मिठाचे होते. आणि अळणी सॅम्पल पुस्तकाशी जुळत होतं, म्हणून मी कधी संशयच घेतला नाही.

उद्या इथं दिवाळी. मुली घरी गेल्यात. मजल्यावर मी आणि एक पंखा.

८ नोव्हेंबर, गुरुवार

पहाटे गल्लीत फटाके. मी तेल लावलं नाही, अंघोळही दुपारी केली.

खरं लिहिते, ही डायरी कुणी वाचणार नाही. दिवसभर विचार केला की कुणालाच सांगू नये. ते सॅम्पल मी केलं, मला माहीत. सेमिनारला आणखी आठवडा आहे. बाहेरचे प्राध्यापक मिठाचं विचारणार नाहीत, चार वर्षांत कुणी विचारलं नाही. पेपर छापून येईल, मी मार्चमध्ये सुटेन, मग बसोत लोक शोधत.

पण हिला माहीत आहे. ही सांगणार. सांगितलंही असेल. सरांशी तमिळमध्ये हसते तेव्हा हेच चालत असणार. सोळा तारखेला मी बोलून खाली बसले की ही हळूच हात वर करील, आणि सगळी वाहवा हिची. 

आईनं फोनवर विचारलं, फराळ केलास का. केला म्हटलं.

१० नोव्हेंबर, शनिवार

संयुक्ता तळघरात होती. मी सरळ विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो, अक्का."

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून मजला वाटत होतं. सप्टेंबरात माझं तेवीस आलं तेव्हा खात्री झाली."

"सरांना सांगितलंस?"

"नाही."

"का? त्यांनी तुला बंगळुरूला पाठवलं नाही, ते माझ्यामुळं. मी सांगितलं होतं तुझं सॅम्पल वाईट म्हणून. तेव्हा तरी सांगायचं होतंस! तुझं सॅम्पल बरोबर होतं, माझं चूक, एवढंच म्हणायचं."

ती माझ्याकडे बघत राहिली, मला काय समजत नाहीये ते तिला समजत नव्हतं जणू. मग म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं ना, अक्का. पहिल्या दिवशी. ज्याचं सॅम्पल त्यास विचारायचं. सरांकडे धावायचं नाही. मी तुम्हास तीनदा विचारलं."

मला वाटलं होतं, अशा वेळी माणसाला लाज वाटते. लाज नंतर आली, जिन्यात. आधी जे आलं ते वेगळंच होतं. तिनं ते ऑगस्टमध्ये पाहिलं, चार महिन्यांची मुलगी, आणि मी चार वर्षं तेच स्पेक्ट्रम बघत होते. मी जळले. तिनं सरांना सांगितलं असतं तर बरं झालं असतं. निदान मला तिचा राग तरी करता आला असता.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं सेमिनार.

पंखे फिरत होते, पुढच्या रांगेत सर आणि ते दोघे पाहुणे, मागं संयुक्ता. मोगरा आजही होता, पिना मात्र प्लॅस्टिकच्या. मी पहिला स्पेक्ट्रम लावला, चार अंशांचा. सरांनी पाहुण्यांकडे अभिमानानं पाहिलं. मी दुसरा लावला, नुसत्या लिपिडचा, खारट. आणि म्हटलं, "हे पेप्टाइडमुळं होत नाही. सॅम्पल तापतं म्हणून होतं. माझं अनुमान चूक होतं."

कुणीतरी पेन खाली ठेवलं. सरांनी चष्मा काढला. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, "हे कधी लक्षात आलं?"

तिथं माझ्या हातात होतं. 'अलीकडेच लक्षात आलं' म्हटलं असतं, तर ते खोटं नव्हतं. नाव तोंडातून निघता निघेना, दाढ उपटल्यासारखं झालं. म्हटलं, "माझ्या लक्षात आलं नाही. संयुक्तानं ऑगस्टमध्ये मला विचारलं होतं. सप्टेंबरमध्ये तिनं सॅम्पल केलं, ते बरोबर होतं. ते नीट मिसळलेलं नाही असं मी सरांना सांगितलं, तेही माझं चूक होतं."

 सरांनी मागं वळून पाहिलं. संयुक्ता खाली बघत होती.

नंतर खोलीत बोलावून म्हणाले, "मार्च विसर. आणखी एक वर्ष. मी पत्र देतो." आणि दार लावायला लागले तेव्हा म्हणाले, "अलकनंदा, हे मीसुद्धा बघायला हवं होतं." ते असं म्हणाले म्हणून मला रडू आलं. दुसरं काही म्हणाले असते तर आलं नसतं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बेडूक गेला?" गेला म्हटलं.

२१ नोव्हेंबर, बुधवार

नवं काम. मिठाच्या कुठल्या प्रमाणाला सॅम्पल किती तापतं, ते मोजायचं. छोटासा पेपर होईल, इतरांच्या उपयोगाचा. पहिलं नाव संयुक्ता, दुसरं मी. सरांनी विचारलं, चालेल ना? म्हटलं, तिचंच आहे ते.

चालेल म्हणजे काय, चालत नाही मुळीच. परत येताना जिन्यात मी रेलिंगवर हात आपटला, अजून दुखतोय. फळ्यावर दुपार तिची, सकाळ माझी. ती मोजते, मी तिच्यासाठी बफर करते. बफर उत्तम करते मी.

४ डिसेंबर, मंगळवार

आज सकाळी माझी पाळी होती. मॅग्नेटमधून तिचं कालचं सॅम्पल बाहेर काढलं आणि रोटर बोटांत फिरवून पाहिला, सवयीनं. टोपीच्या कडेला पांढरी बारीक खरपुडी. नखानं काढून पाहिली. वाळलेलं मीठ.

टोपी गळतेय. सॅम्पल फिरताना पाणी उडून जातंय, आत राहिलेलं मीठ दाट होतंय, म्हणून सॅम्पल हवं त्याहून जास्त तापतंय. गेल्या दहा दिवसांचे तिचे सगळे आकडे चढे. आणि आकडे दिसतात असे देखणे, एका रेषेत, की कुणाला शंका येणार नाही. मला चार वर्षांत आली नव्हती तशी.

रोटर खिशात घालून वर आले. कॉरिडॉरमध्ये सर. हसत होते. माझ्याकडे पाहून हसत होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "संयुक्ताचा आलेख पाहिलास? किती सुंदर आलाय. शुक्रवारी पेपर पाठवून देऊ या."

खिशात रोटर. मी बोटांनी टोपी चाचपत होते. 'सर, टोपी गळतेय, सगळं चुकलंय,' एवढंच म्हणायचं होतं. खरंच होतं. सप्टेंबरमध्येही मी खरंच सांगितलं होतं. आणि काहीच बोलले नसते, शुक्रवारी पेपर जाऊ दिला असता, तर एक दिवस तीही माझ्यासारखी सगळ्यांसमोर उभी राहिली असती. दोन्ही वाटा किती सोप्या होत्या. दोन्हींचा मोह झाला, खोटं कशाला लिहू.

"हो सर, पाहिला," म्हटलं आणि जिना उतरले. उतरताना मला तिचा इतका राग येत होता की पायऱ्या दिसत नव्हत्या.

ती खाली खुर्चीत बसून दहीभाताचा डबा उघडत होती. मी रोटर तिच्यापुढं टेबलावर ठेवला.

"संयुक्ता, एक विचारू? ही टोपी तू बदलली होतीस?"

तिनं रोटर उचलला, उजेडात धरला. खरपुडी दिसली. चेहरा पडला तिचा. "ऐयो, अक्का. सगळेच?"

"सगळेच."

"सरांना..."

"तुझं सॅम्पल. तू सांग." मी स्टूल ओढून बसले. "आधी जेव. मग नव्या टोप्या काढू, पहिल्यापासून भरू. मी आज माझी पाळी सोडून भरायला बसते, तू दुपारी यंत्र लाव."

तिनं डब्याचं झाकण उलटं करून त्यात अर्धा भात काढला आणि माझ्यापुढं सरकवला. मी तिच्यासमोरच खाल्ला. मीठ थोडं कमी होतं. सांगितलं तिला.